तांडेलांची आडवी खुर्ची

त्यांच्या घरात कुणी कुठं बसायचं हे तेच ठरवायचे. भाड्याची खोली बघायला मी पहिल्यांदा गेलो आणि पडवीतल्या सोप्यावर, म्हणजे बसायच्या कट्ट्यावर, टेकतो न टेकतो तोच आतून आवाज आला, "हंय बसू नाका, थंय बस." मी उठून पलीकडं बसलो. मग ते बाहेर आले. माझ्याकडं, माझ्या पिशवीकडं आणि दुसऱ्या टोकाला बसलेल्या शेजाऱ्याकडं आळीपाळीनं बघितलं आणि माझी पिशवी उचलून उजवीकडची डावीकडं ठेवली. आता तोल साधला, म्हणाले. सोपा सिमेंटचा होता.

चोपडे ते शिवोली ही फेरीबोट त्यांनी सगळा जन्म चालवली. नदीला ते 'न्हंय' म्हणत आणि आपल्या मालकीची असल्यासारखं बोलत. पार्से गावातले लोक त्यांना तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, म्हणायचे; मीही तेच म्हणू लागलो, तोंडावर मात्र काका. बोटीवर कुठली गाडी कुठं लावायची, कुठल्या जाड्या माणसानं कुठल्या कठड्याला उभं राहायचं, हे सांगण्यात आयुष्य गेलेलं. निवृत्त झाल्यावर ती सवय जमिनीवर आली. लग्नाच्या मांडवात ते धट्टीकट्टी माणसं उठवून दुसऱ्या रांगेत बसवायचे आणि माणसं उठायचीही, कारण त्यांच्या सांगण्यात एक सरकारी ठामपणा असे. गोव्यात मराठी की कोंकणी यावरून रान पेटलं होतं, तेव्हाची त्यांची एक गोष्ट अजून सांगतात. भर न्हंयत दोन गट हमरीतुमरीवर आले. यांनी इंजीन बंद केलं आणि फर्मान काढलं, मराठीवाले डाव्या कठड्याला, कोंकणीवाले उजव्या कठड्याला, नाहीतर बोट कलंडते. दोन्हीकडचे लोक घाबरून आपापल्या कठड्याला गेले. मग यांनी सगळ्यांची डोकी मोजल्यासारखं करून सांगितलं की मराठीवाल्यांत एक जण कमी पडतोय, कोंकणीवाल्यांनी एक माणूस उसना द्यावा. लोक हसले आणि बोट काठाला लागली.

मी गडहिंग्लजकडचा. गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्याच्या मागोमाग तुयेच्या औद्योगिक वसाहतीत स्टोअरकीपर म्हणून आलो. आमच्याकडची माणसं एकमेकांना 'पावणं' म्हणतात हे त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं, त्यामुळं मी त्यांच्याकडं राहिलो तेवढी वर्षं माझं नाव पावणं. त्यांची बायको, म्हणजे काकी, मात्र मला नावानं हाक मारायच्या. रात्री डबा आणायला मी खानावळीत जाऊ लागलो तर त्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, घरात भात जास्तच होतो. तो मी असेपर्यंत रोज जास्त होत गेला.

तांडेलांचा दुसरा हट्ट म्हणजे आल्या वाटेनं परत जायचं नाही. सगळी नोकरी ह्या काठावरून त्या काठाला आणि त्या काठावरून ह्या काठाला, त्याच पाण्यातून, त्याच रेषेत. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी ठरवलं की आता पुरे. देवळात एका दारानं आत गेले तर दुसऱ्या दारानं बाहेर पडत. पेडण्यातल्या एका दुकानाला एकच दार होतं, म्हणून ते पायरीवर उभं राहून ओरडून सामान मागायचे, आत कधी गेले नाहीत. दुकानदारानं शेवटी त्यांच्यासाठी खिडकीतून माल द्यायला सुरुवात केली. मला हे सगळं आधी वेडेपणाचं वाटायचं आणि थोडा रागही यायचा. एकदा मी विचारलं की मग मरताना काय करणार, तेव्हा म्हणाले, तीच एक वाट बरी, तिथून कुणी परत ये म्हणत नाही.

काकींना गाडी लागायची. बस, टॅक्सी, बंद दाराचं काहीही असो, पहिल्या वळणाला त्यांचा चेहरा पांढरा पडे. त्यामुळं सगळा संसार त्यांनी पार्शात आणि पार्शाच्या आसपास केला. उघड्या बोटीवर त्यांना काही व्हायचं नाही. लग्नानंतर कितीतरी वेळा त्या नुसत्या नवऱ्याच्या बोटीत बसून शिवोलीला जायच्या आणि खाली न उतरता परत यायच्या. तेवढाच त्यांचा प्रवास आणि तेवढंच त्यांना आवडायचं. त्यातच कधीतरी त्यांच्या पायांतली ताकद जाऊ लागली. आधी चढाव जमेना, मग धक्क्यावरची उतरण, मग चालणंच. म्हापशाच्या डॉक्टरांनी नसांचं काहीतरी नाव घेतलं आणि सांगितलं की हे हळूहळू वर चढत जाणार. काकी जनेलाजवळच्या वेताच्या खुर्चीत बसून राहू लागल्या. जनेल म्हणजे आपली खिडकी. तिच्यातून एक फणस, विहिरीचा कठडा आणि रस्त्याचा एक तुकडा दिसे.

तांडेलांनी मोटरसायकल घेतली ती ह्यासाठी. बोटीवर त्यांनी मोरजी-हरमलला जाणाऱ्या परदेशी लोकांच्या गाड्या पाहिल्या होत्या. लांब, बुटक्या, गाईच्या शिंगांसारख्या हँडलच्या. त्यांतल्या एका गाडीच्या मागच्या सीटला पाठ टेकायची गादी होती आणि तिला टेकून एक बाई गाढ झोपली होती. बोट सुटली, भोंगा वाजला, काठाला लागली, तरी बाई झोपलेलीच. तांडेल सांगायचे, तेव्हाच माझ्या मनात आलं की एक दिवस माझी बाई अशी झोपून जाईल. कुणा परदेशी पाहुण्यानं बुलेटचीच क्रूझर बनवून घेतली होती. मायदेशी जाताना तो ती विकून गेला आणि तांडेलांनी ती घरी आणली. पार्शात लोक बघायला जमले. एवढ्या वयाच्या माणसानं असली गाडी घेतलेली कुणी बघितली नव्हती. तांडेलांनी आधी त्या लोकांना गाडीच्या दोन्ही बाजूंना सारखं उभं केलं आणि मगच गाडीबद्दल सांगायला सुरुवात केली.

बॅकरेस्ट घ्यायला आम्ही म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला गेलो. मला नेलं होतं ते गाडी चालवायला, कारण पाठ कशी टेकते हे बघायचं तर मागं बसायला हवं. दुकानदारानं तीन प्रकार काढले. एक बुटका, गोल गादीचा. एक उंच, मागं कॅरिअर असलेला. एक चकचकीत लोखंडाचा, वर दोन वळणं काढलेला. तांडेलांनी प्रत्येक लावायला लावला आणि पाय दोन्ही बाजूंना टाकून माझ्या मागं बसले. बाजारातून, बसस्टँडवरून, मासळीवाल्यांच्या गर्दीतून मी त्यांना हिंडवत होतो आणि ते डोळे मिटून पाठ टेकून बसले होते. दुकानदार वैतागला. कंबरेला कुठला बरा, खांद्याला कुठला बरा, खड्ड्यात कुठला ढकलतो, याचा त्यांनी इतका खल केला की लग्नाची मुलगी बघतानाही कुणी करत नसेल. शेवटी उंच घेतला. घरी आल्यावर काकींना उचलून सीटवर बसवलं, अंगणात एक फेरी मारली आणि विचारलं. काकी म्हणाल्या, "बरां आसा."

काकींचं हे 'बरां आसा' मी पुढं खूप ऐकलं. पानात काही अळणी असलं तरी बरां आसा, डॉक्टर काही वाईट बोलले तरी बरां आसा.

पुढं काही रविवारी दोघांच्या फेऱ्या झाल्यावर एका सकाळी मी पाणी भरायला मागच्या दारी गेलो, तर काकी बसल्या बसल्या सरकत पायरीपर्यंत येऊन मिठाची गरम पुरचुंडी डाव्या बरगडीला लावत होत्या. मला बघून त्यांनी पदर ओढला. मी तांडेलांना सांगितलं. ते आत गेले, बराच वेळ आत होते, मग बाहेर येऊन त्यांनी पाना घेतला आणि बॅकरेस्ट काढून फणसाच्या फांदीला अडकवला. चूक अगदी साधी होती. काकी सगळ्या बायकांसारख्या एका अंगानं बसायच्या, दोन्ही पाय डावीकडं सोडून. पाठीमागची गादी पाठीला लागतच नव्हती, दर खड्ड्याला डाव्या कुशीत घुसत होती. टेकायला हवं ते गाडीच्या उजव्या बाजूला. आम्ही दोघांनी म्हापसाभर हिंडून, डोळे मिटून, जी पाठ निवडली ती तांडेलांची पाठ होती. फांदीवरच्या त्या गादीवर पुढं कोंबड्या बसायच्या आणि ते त्यांना कधी हाकलत नसत.

मग सुरू झाली आडव्या खुर्चीची खटपट. म्हापशात सीट शिवणारा एक म्हातारा होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की ही गाडी करायची आहे की पालखी. तांडेल म्हणाले, पालखीच समज, पण एका भोयाची. काकींची जनेलाजवळची वेताची खुर्ची त्यांनी स्वतः कापली. पाय काढले, पाठ आणि हात ठेवले, कारण त्या पाठीला तिची पाठ माहीत आहे, म्हणाले. लोखंडी पट्ट्या वळवून खुर्ची सीटवर आडवी बसवली, पाठ उजवीकडं, तोंड डावीकडं. डाव्या बाजूला वजन जास्त होतं म्हणून उजवीकडं वाळूची पिशवी टांगली. काकी बारीक झाल्या तशी तांडेल त्या पिशवीतली वाळू काढत गेले. एकदा मी त्यांना वाळू उपसताना बघितलं. मूठभर काढायची, थांबायचं, पुन्हा थोडी काढायची. मला तिथं उभं राहवेना.

खुर्ची बसवल्यावर ते अंगणात स्टँडवर उभ्या असलेल्या गाडीवर चढून स्वतः तीत बसले. ह्या वेळी एका अंगानं, पाय डावीकडं सोडून. बरीच मिनिटं बसले. काही टोचत नाही अशी खात्री झाल्यावर काकींना आम्ही दोघांनी उचलून ठेवलं. पहिल्या दिवशी परत येताना काकी झोपल्या होत्या. तांडेल गाडी घेऊन अंगणात आले आणि इंजीन बंदच करेनात. मी काही बोलायला गेलो तर त्यांनी हातानं गप्प केलं. आवाज थांबला तर ती जागी होईल, म्हणून ते तसेच हँडल धरून, पाय टेकून, बसून राहिले. संध्याकाळ संपून दिवे लागले. काकी जाग्या झाल्या तेव्हा ते रडत होते, आणि आपण रडतोय हे लपवावं असं त्यांना वाटलंही नाही.

त्यानंतर दर रविवारी दुपार कलली की गाडी निघे. वाट ठरलेली. पार्शातून कोरगाव, मग मांद्रे, मोरजी, तिथून चोपड्याच्या धक्क्यावरून न्हंयच्या काठाकाठानं आगरवाडा आणि परत पार्से. मोठा फेरा होता, आल्या वाटेनं परत यायचा प्रश्नच नव्हता. उलटा फेरा त्यांनी कधी केला नाही, कारण मग उतरतं ऊन समोरून डोळ्यांवर येई. मांद्र्याला झाडांतून समुद्र दिसतो, चोपड्याला न्हंय आणि बोट. धक्क्याजवळ आलं की ते गाडी अगदी हळू करत. आधी आधी उतरून थोडं बसत असत, पण पुढं काकींना उतरवणं-चढवणं एकट्यानं जमेना, तेव्हा न थांबता नुसतं सावकाश जायचं. पुढं बघतच ते म्हणायचे, "बघ गो, बोट सुटली." मागून काकी म्हणायच्या, "बघलंय."

गाडीचा डावा आरसा त्यांनी वळवून घेतला होता. उजव्या आरशात मागून येणारं दिसतं, डाव्यात माझी बाई दिसते, असं ते पोलिसालाही सांगून मोकळे झाले होते. जेवताना ते मला सगळं पुन्हा सांगत. धक्क्यापाशी आली की ती कशी हसते, एकदा तर हात वर केला तिनं, बोटीवरच्या पोरांना ओळख दिली असणार. काकी ताटाकडं बघत हसायच्या. मग त्याही सांगायच्या, आज बोट पलीकडच्या काठाला होती, आज मध्यावर होती. न्हंयवर बांधत असलेल्या पुलाचे खांब पाण्यातून वर यायला लागले होते आणि बोट फार दिवस राहणार नाही हे सगळ्यांना दिसत होतं. तांडेलांना घाई होती. पूल व्हायच्या आत हिनं बोट पोटभर बघून घ्यावी, एवढंच त्यांचं मागणं होतं. काकींना दुसरं काही मागता येण्यासारखं उरलंच नव्हतं. आठवड्याचे बाकीचे दिवस त्या पलंगावर असायच्या आणि रविवारकडं डोळे लावून असायच्या.

दुखणं मानेपर्यंत आलं तेव्हा खुर्चीची पाठ उंच झाली. डोक्याच्याही वर. दोन्ही बाजूंना सावरीचा कापूस भरलेल्या गाद्या, मान कलू नये म्हणून. कंबरेला जुन्या मऊ साडीचा पट्टा. प्रत्येक बदलाआधी तांडेल म्हापशाला जाऊन त्या सीटवाल्याचं डोकं खायचे आणि प्रत्येक बदलानंतर काकी सांगायच्या, बरां आसा. शेवटी शेवटी ते दोन शब्दही नीट उमटत नसत, पण 'बघलंय' मात्र त्या स्पष्ट म्हणतात, असं तांडेल मला अभिमानानं सांगायचे.

गणपतीच्या चवथीच्या आधी काकी गेल्या. पलंगावरच गेल्या, सकाळची पेज झाल्यावर.

दिवसवारासाठी माणसं आली तेव्हा तांडेल पडवीत बसून होते आणि कुणी कुठंही बसत होतं. मी मुद्दाम त्यांच्या शेजारी, सोप्याच्या त्याच टोकाला बसलो, जिथं बसलेलं त्यांना कधी चाललं नसतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मला उठवलं नाही. त्या क्षणी मला कळलं की घरातलं काय गेलंय. मी चवथीला गावी गेलो नाही, त्यांच्याजवळ राहिलो.

दिवाळीनंतर कोरगावचा एक माणूस आला. त्याच्या आईला बसता येत नव्हतं आणि तिला शेतापर्यंत न्यायचं होतं. आडवी खुर्ची मिळेल का, असं तो विचारत होता. तांडेल म्हणाले, पुढच्या आठवड्यात ये. तो गेल्यावर त्यांनी गाडीवरचं गोणपाट काढलं, उशा झटकल्या, वेतात हात फिरवून बघितला.

"पावणं, गाडी काढ. तू चलव."

मी म्हटलं, कशाला. तर म्हणाले की दुसऱ्याच्या आईला द्यायची तर कुठं टोचते की काय बघायला हवं. अंगणात बसून बघितलं होतं ते निराळं, रस्त्यावर कशी आहे ते माहीत नाही. हिला टोचलं असतं तरी हिनं सांगितलं नसतं.

रविवारच होता. मी त्यांना हात दिला, ते काकींसारखे एका अंगानं खुर्चीत बसले, पाय डावीकडं सोडून, आणि पट्टाही बांधून घेतला. वाळूची पिशवी त्यांनी स्वतः भरली होती. कोरगावच्या चढावर मी विचारलं की टोचतंय का, नाही म्हणाले. मांद्र्यापर्यंत पुन्हा एक-दोनदा विचारलं. मग समुद्र दिसू लागला तसं मी म्हटलं, काका, समुद्र. डाव्या आरशात बघितलं तर ते मान वळवायची खटपट करत होते. मान उशीत अडकत होती. उंच पाठीवरून काही दिसणं शक्य नव्हतं. त्यांनी खटपट सोडली आणि समोर, म्हणजे रस्त्याच्या डाव्या अंगाला, बघत बसले. तिकडं घरांची मागची अंगणं, माड, वाळत घातलेले कपडे. मोरजी आली, गेली. मला कळत होतं की मागं काहीतरी होतंय, पण गाडी चालवत असताना करणार काय.

चोपड्याला न्हंयचा वारा लागला. मी सवयीनं, म्हणजे त्यांच्या सवयीनं, गाडी हळू केली. धक्क्यासमोर रस्त्याच्या डाव्या बाजूला एक जुनं घर आहे, पुढं बलकांव, म्हणजे उघडी पडवी, बसायला सिमेंटचे सोपे. तिथं एक म्हातारी बाई बसली होती, पायांवर गोधडी घेऊन. गाडी दिसताच तिनं हात वर केला. हात अर्ध्यावर आला आणि थांबला. खुर्ची तीच होती आणि तीत पांढऱ्या मिशांचा माणूस बसला होता.

"थांब," तांडेल म्हणाले.

मी पट्टा सोडला. ते उतरून तिच्या बलकांवाच्या पायरीशी गेले, मी गाडी धरून उभा.

"ती खंय?" बाईनं विचारलं.

"गेली. चवथीच्या आदी."

बाईनं गोधडीवरचे हात एकमेकांत घेतले. मग तांडेलांनी तिला विचारलं की तुमची ओळख कशी. ती म्हणाली की ओळख कसली, नावसुद्धा माहीत नाही. मनातल्या मनात ती तिला 'आयतारची' म्हणायची, रविवारी येते म्हणून. एकमेकींशी शब्द कधी बोलल्या नव्हत्या. तिचेही पाय गेलेले, दिवसभर ह्या बलकांवात बसून ती समोरची न्हंय बघत असे.

"तिका न्हंय दिसा नाय," ती म्हणाली. "पाठ तिची न्हंयकडे. गाडी हंय हळू जाय, तेव्हा ती हातान इचारी, बोट खंय? मी हातान सांगय."

आणि तिनं करून दाखवलं. तळहात आपल्याकडं ओढला, म्हणजे ह्या काठाला. पुढं ढकलला, म्हणजे त्या काठाला. तळहात हवेत आडवा धरून थोडा डोलवला, म्हणजे मध्यावर. काकींचे हात उचलेनासे झाले तेव्हा त्या भुवया उडवून विचारायच्या, असंही तिनं सांगितलं. उत्तर मिळालं की हसायच्या.

तांडेल पायरीवर बसले. त्यांनी वळून धक्क्याकडं बघितलं, गाडीकडं बघितलं, खुर्चीच्या पाठीकडं बघितलं. ती पाठ त्यांनी किती मायेनं उंच केली होती ते मला माहीत होतं. पहिली अर्धी, मग खांद्यापर्यंत, मग डोक्याच्या वर.

"मी तिका न्हंय दाखवक नेत होतंय," ते म्हणाले, "आणि न्हंयकडेच पाठ करून बसवलंय."

म्हातारी म्हणाली की तुम्ही दाखवत होता म्हणूनच ती विचारत होती. तांडेलांनी मान हलवली, पण ते ऐकत नव्हते असं मला वाटतं. ते लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले, परक्या घराच्या पायरीवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर. म्हातारीनं वाकून त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. वयानं ती त्यांच्यापेक्षा थोडीच मोठी असेल.

खुर्ची पुढच्या आठवड्यात कोरगावला गेली. देताना त्यांनी त्या माणसाला एकच अट घातली, की आईला नेशील त्याच वाटेनं परत आणायचं. त्याला ते नुसतं चक्रमपण वाटलं असणार. तांडेलांचं चक्रमपण गावाला ठाऊक होतं, म्हणून तो हो म्हणाला.

पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी तांडेल डोळे पुसून उठले, म्हातारीला हात जोडले आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसले. पट्टा स्वतःच बांधला. मी गाडी आगरवाड्याच्या दिशेनं काढणार तोच ते म्हणाले, "वळय. आल्या वाटेन परत घे."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हे मी ऐकलं नव्हतं. मी गाडी वळवली. ऊन समोरून डोळ्यांवर आलं, मला रस्ता नीट दिसेना, म्हणून मी अगदी सावकाश चाललो. न्हंय आता डावीकडं होती, खुर्चीच्या समोर. पुलाच्या अर्धवट खांबांमधून बोट शिवोलीच्या बाजूला निघाली होती. आरशात त्यांचा चेहरा दिसत होता, तोंड पाण्याकडं. ते बोलतील म्हणून मी वाट बघितली आणि मग मीच म्हटलं, "बघा काका, बोट सुटली."

बोट पाण्याच्या मध्यावर आली तेव्हा त्यांनी तळहात हवेत आडवा धरला, थोडा डोलवला आणि म्हणाले, "बघलंय."